पवित्र भूमीची यात्रा: बत्तीस ठिकाणांच्या यादीतून काय ठेवावे, काय गाळावे

पाळकसाहेब, आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या मंडळीतील ४२ जण पवित्र भूमीच्या यात्रेला निघणार आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जणांनी साठी ओलांडली आहे. यात्रा कंपनीने दहा दिवसांत इजिप्त, जॉर्डन व इस्राएल मिळून बत्तीस ठिकाणे दाखवण्याचा कार्यक्रम दिला आहे. तो स्वीकारावा का, ठिकाणांचा क्रम कसा असावा, ‘हीच ती जागा’ असे जिथे सांगितले जाते तिथे कितपत विश्वास ठेवावा आणि निघण्यापूर्वी लोकांची तयारी कशी करून घ्यावी, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. गेली वीस वर्षे मी अशा गटांबरोबर जात आलो आहे, म्हणून उत्तर आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. हा कार्यक्रम जसा आहे तसा स्वीकारू नका. एकच देश ठेवा, ठिकाणे निम्म्यावर आणा, आणि प्रत्येक ठिकाणी संबंधित शास्त्रभाग मोठ्याने वाचून निदान दहा मिनिटे शांत बसता येईल एवढा वेळ लेखी मागून घ्या.

बत्तीस या आकड्याचा हिशेब करून पाहा. दहा दिवसांतले दोन दिवस विमानप्रवासात जातात आणि दोन सीमा ओलांडण्यात आणखी जवळजवळ दोन दिवस जातात. उरलेल्या सहा दिवसांत रोज पाचाहून अधिक ठिकाणे बसवावी लागतात. बेचाळीस माणसे बसमधून उतरून, स्वच्छतागृहाला जाऊन एकत्र उभी राहीपर्यंत पंधरा मिनिटे सहज जातात, आणि पुन्हा चढताना तेवढीच. म्हणजे गालीलच्या सरोवराकाठच्या कफर्णहूमसारख्या ठिकाणी प्रत्यक्ष वीस मिनिटेच हाती उरतात, आणि तीही छायाचित्रे काढण्यात संपतात. माझ्या पहिल्या काही यात्रा अशाच झाल्या. परतल्यावर लोकांना विचारले, तेव्हा कुठे काय पाहिले याचा क्रम त्यांना सांगता येत नव्हता. सर्व चर्च एकमेकांत मिसळून गेली होती.

कार्यक्रमपत्रिकेतील क्रियापदांकडेही बारकाईने पाहा. ‘भेट’, ‘बाहेरून दर्शन’ आणि ‘मार्गात पाहणे’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात आपण आत जातो, दुसऱ्यात दारापर्यंत जातो आणि तिसऱ्यात बसच्या खिडकीतून बोट दाखवले जाते. बत्तीस ठिकाणांच्या यादीत तिसऱ्या प्रकारची बरीच असतात. प्रत्येक नावापुढे यांपैकी काय आणि किती मिनिटे, हे कंपनीकडून लिहून घेतले की यादी आपोआप लहान होते.

इजिप्त आणि जॉर्डन गाळायला मी सांगतो, ते ही ठिकाणे कमी महत्त्वाची आहेत म्हणून नव्हे. सीनाय डोंगराच्या पायथ्याचा संत कॅथरीनचा मठ सहाव्या शतकातला आहे, आणि मोशेचा डोंगर म्हणून परंपरेने मानलेले शिखर २,२८५ मीटर उंच आहे. तिथे पहाटेपूर्वी अंधारात चढून जावे लागते आणि त्यापायी वयस्कर माणसाचा पुढचा दिवसही जातो. नबो डोंगर, मादाबा येथील सहाव्या शतकातला नकाशा असलेली मोझेक फरशी आणि यार्देनच्या पूर्वतीरावरील अल-मगतास ही जॉर्डनमधील ठिकाणे मला स्वतःला अतिशय प्रिय आहेत. पण निर्गमाची, म्हणजे मोशेबरोबर इस्राएल लोक मिसरातून निघाले त्या वाटेची यात्रा आणि शुभवर्तमानांची यात्रा या दोन स्वतंत्र यात्रा आहेत. पुढे कधी जॉर्डन जोडलेच, तर एवढे लक्षात ठेवा की राजा हुसेन पुलावर जॉर्डनचा व्हिसा आयत्या वेळी मिळत नाही. तो आधी हातात असावा लागतो, किंवा उत्तरेकडील सीमानाक्याचा विचार करावा लागतो.

चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक ख्रिस्ती स्त्री पश्चिमेकडून एवढा दूरचा प्रवास करून या भूमीत आली होती. आपल्या भगिनींसाठी तिने लिहिलेले वर्णन अपुऱ्या रूपात का होईना, आजही उपलब्ध आहे. एखाद्या स्थळी पोहोचल्यावर तिचा गट आधी प्रार्थना करी, मग त्या जागेशी संबंधित शास्त्रभाग वाचला जाई, त्याला साजेसे स्तोत्र म्हटले जाई आणि पुन्हा प्रार्थना होई. सोळाशे वर्षांपूर्वीच्या या पद्धतीत मला आजवर काहीही बदलावेसे वाटलेले नाही. मार्गदर्शकाचे निवेदन त्याच्या आधी किंवा नंतर होऊ द्या, पण वाचन आपल्या मंडळीतल्याच माणसाने आपल्या भाषेत करावे आणि ते कोण करणार हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे.

आता क्रमाविषयी. पुष्कळ कंपन्या सोयीसाठी यरुशलेमापासून सुरुवात करतात. मी नेहमी गालीलपासून सुरुवात करतो, कारण शुभवर्तमानाचा प्रवास तसाच आहे आणि भूमीचा चढही तसाच आहे. गालीलच्या सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटर खाली आहे. तिथून यार्देनच्या खोऱ्याने दक्षिणेला उतरत गेलो की यरीहो सुमारे २५० मीटर खाली लागते, आणि तिथून यरुशलेमाकडे वळल्यावर सुमारे पंचवीस किलोमीटरांत हजार मीटरांची चढण आहे. ‘यरुशलेमास वर जाणे’ हा शब्दप्रयोग शास्त्रात पुनःपुन्हा का येतो, हे त्या रस्त्यावर बसच्या इंजिनाचा आवाज बदलला की लोकांना न सांगता कळते. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला माणूस यरुशलेमाहून खाली यरीहोस चालला होता, तोही याच उजाड घळींतून. यरुशलेम आधी पाहून टाकले तर ही चढण वाया जाते.

पहिल्या दिवशी विमानतळावरून सरळ किनाऱ्याने कैसरीयाला जावे. हेरोदाने बांधलेले हे बंदर रोमी सुभेदारांचे ठाणे होते, कर्नेल्य शताधिपती इथला, आणि पौल इथेच दोन वर्षे कैदेत होता. १९६१ साली इथल्या नाट्यगृहात येशूला मृत्युदंड देणाऱ्या रोमी सुभेदार पिलाताचे नाव कोरलेला दगड सापडला. मूळ दगड आता यरुशलेमाच्या इस्राएल संग्रहालयात आहे आणि जागेवर प्रतिकृती आहे. प्रवासाने थकलेल्या लोकांना या दिवशी याहून अधिक काही दाखवू नये. कर्मेल डोंगरावरील एलीयाचे स्थान वाटेवर असले तरी मी ते बहुधा वगळतो.

सरोवराकाठी तीन मुक्काम करा. दोन पुरत नाहीत. बोटीचा फेरा सकाळी घ्या, कारण दुपारनंतर पश्चिमेचे वारे अर्बेलच्या घळीतून या खोलगट पात्रात उतरतात आणि पाणी पाहता पाहता खवळते. शिष्यांपैकी निदान चौघे याच पाण्यावर मासे धरून जगणारे होते, तरीही ते घाबरले, यावरून त्या वादळाची कल्पना येते. बोट सरोवराच्या मध्यावर थांबवून इंजिन बंद करायला सांगा आणि मार्काच्या चौथ्या अध्यायाचा शेवट वाचा. नावाड्यांना याची सवय असते, पण आपण सांगितले नाही तर त्या वेळात गाणी लावली जातात.

जवळच गिनोसार येथे १९८६ साली दुष्काळात सरोवर आटले असता दोन मच्छीमार भावांना चिखलात सापडलेली, पहिल्या शतकाच्या सुमाराची नाव जतन करून ठेवली आहे. तिची लांबी आठ मीटरांहून थोडी अधिक आणि रुंदी सव्वादोन मीटरांच्या आसपास आहे. ती येशूची नाव आहे असे कोणी म्हणाले तर ते मान्य करू नका, कारण तसा कोणताही पुरावा नाही. परंतु तेरा माणसे अशा नावेत बसली तर पाणी काठापासून किती अंतरावर राहत असेल, हे तिच्याकडे पाहून कळते, आणि माझ्या मते पाहण्यासारखी गोष्ट ती आहे.

कफर्णहूमसाठी निदान दीड तास ठेवा. इथे काळ्या ज्वालामुखी दगडांची जुनी घरे आहेत, त्यांच्या मध्यभागी पाचव्या शतकातल्या अष्टकोनी चर्चचे अवशेष आहेत, आणि त्याखाली जे घर सापडले ते पेत्राचे म्हणून फार जुन्या काळापासून मानले गेले. या घराची एक खोली पहिल्या शतकातच इतरांपेक्षा वेगळी, गिलावा देऊन राखलेली होती आणि भिंतींवर यात्रेकरूंनी कोरलेल्या प्रार्थना मिळाल्या, म्हणून ही परंपरा मला बळकट वाटते. शेजारचे पांढऱ्या चुनखडीचे भव्य सभास्थान मात्र येशूच्या काळातले नाही. ते चौथ्या-पाचव्या शतकातले आहे, आणि त्याच्या पायाशी दिसणारा काळा दगडी थर आधीच्या बांधकामाचा आहे. लोकांना तो थर बोटाने दाखवा. मग त्या घरांच्या भिंतींकडे वळवा. त्या बेताच्या जाडीच्या, कोरड्या रचलेल्या आहेत आणि दगडी छताचा भार पेलणाऱ्या नाहीत. छप्पर फांद्या, गवत आणि मातीचे असे. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघांनी छप्पर उसकून पक्षाघाती माणसाला खाली सोडले, ते कसे शक्य झाले हे तिथे उभे राहून वाचल्यावर वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज उरत नाही. एका यात्रेत एका वृद्ध बाईंनी त्या वेळी मला विचारले की नंतर ते छप्पर कोणी शाकारले असेल. मातीच्या घरात वाढलेल्या माणसालाच तो प्रश्न सुचतो, आणि त्या दिवशी आमच्या गटाने पेत्राच्या सासूचा, त्या घरातल्या माणसांचा विचार प्रथमच केला.

मग्दाला अलीकडे उजेडात आले आहे. २००९ साली बांधकामापूर्वीच्या उत्खननात तिथे पहिल्या शतकातले सभास्थान सापडले आणि त्यात यरुशलेमाच्या प्राचीन यहुदी मंदिरातील दीपवृक्ष कोरलेला एक दगड मिळाला. येशू गालीलभर सभास्थानांतून शिकवीत फिरला असे शुभवर्तमान सांगते, आणि हे सभास्थान त्याच काळात उभे होते. जुन्या कार्यक्रमपत्रिकांत हे नाव नसते. आपल्या यादीतही ते दिसले नाही, ते अवश्य घाला. धन्यवादांचा डोंगर आणि पाच भाकरी व दोन मासे यांच्या चमत्काराचे स्थान मानलेले तब्घा यांना एक सकाळ पुरते. नासरेथला अर्धा दिवस द्या, आणि पाण्याचा द्राक्षारस झाला ते काना हवे असेल तर त्याच दिवशी, पण काना नेमके कोणते याविषयी अभ्यासकांत एकमत नाही हे लोकांना सांगून ठेवा.

बाप्तिस्म्याचे ठिकाण हा नाजूक विषय आहे. सरोवरातून यार्देन जिथे बाहेर पडते तिथले यार्देनीत हे स्थळ १९८१ साली यात्रेकरूंसाठी उभारलेले आहे. तिथे पाणी स्वच्छ आहे आणि उतरायला पायऱ्या, कठडे, कपडे बदलायच्या खोल्या आहेत. परंपरेचे स्थान मात्र दक्षिणेला यरीहोजवळ आहे. योहानाच्या पहिल्या अध्यायातील ‘यार्देनेच्या पलीकडले बेथानी’ हे पूर्वतीरावरचे अल-मगतास होय, असे मानले जाते आणि २०१५ साली त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. त्याच्या समोर पश्चिमतीरावर कसर अल-याहूद आहे. १९६७ च्या युद्धानंतर हा परिसर सुरुंगांनी भरलेला होता, आणि यात्रेकरूंसाठी तो २०११ पासून नियमितपणे खुला झाला. इथे नदी काही मीटरच रुंद आहे, पाणी गढूळ आहे आणि सीमा पात्राच्या मधून जाते. लोकांची पहिली प्रतिक्रिया निराशेची असते. अराम देशाचा सेनापती नामान याला दिमिष्काच्या नद्या यापेक्षा चांगल्या वाटल्या होत्या, तो भाग तिथे वाचावा. आधीच बाप्तिस्मा झालेल्यांनी पाण्यात उतरायचे की नाही, उतरल्यास त्याला बाप्तिस्मा म्हणायचे की वचनांचे नूतनीकरण, हे आपल्या संप्रदायाच्या शिकवणीनुसार आपण आधीच स्पष्ट करा. ऐन नदीकाठी हा वाद झालेला मी पाहिला आहे आणि तो फार क्लेशदायक होता. आखलेला रस्ता सोडून कोणीही बाजूला जाऊ नये, ही सूचना तिथे गांभीर्याने द्यावी.

यरीहोत जुन्या नगराची टेकडी पाहावी. जक्कयाचे म्हणून दाखवतात ते उंबराचे झाड पाच मिनिटांत पाहून होते. मृत समुद्राकाठच्या कुमरानला १९४७ पासून सापडलेल्या प्राचीन शास्त्रलेखांच्या गुंडाळ्यांपैकी यशयाची संपूर्ण गुंडाळी सव्वासात मीटरांच्या आसपास लांब आहे. ती जिथे सापडली ते ठिकाण पाहून नंतर यरुशलेमात इस्राएल संग्रहालयातील ग्रंथमंदिरात गेलात तर दोन्हींचा अर्थ लागतो. मृत समुद्रात एक तास पुरे. पाण्यात तिसरा हिस्सा मीठ आहे, म्हणून जखम असलेल्यांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी उतरू नये, आणि कोणीही पालथे पोहू नये. मसादा हा डोंगरी किल्ला वगळायला हरकत नाही. तो इतिहासाच्या दृष्टीने थोर असला तरी शुभवर्तमानाच्या यात्रेला त्याच्यावाचून उणेपणा येत नाही.

यरुशलेमात चार मुक्काम असावेत, आणि आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथेच द्यायला हवे. ठिकाणांची खात्री मी मनाशी तीन पायऱ्यांवर ठेवतो. काही ठिकाणे अशी आहेत की ती तीच आहेत यात शंका घ्यायला जागा नाही. काहींमागे प्राचीन आणि सबळ परंपरा आहे. आणि काही केवळ प्रार्थनेच्या सोयीसाठी नेमलेली स्मरणस्थाने आहेत. गटाला प्रत्येक ठिकाणी आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे सांगितले, तर कोणाची श्रद्धा ढळत नाही. उलट, सगळेच निश्चित म्हणून सांगितले आणि नंतर त्यांनी कुठे वाचले की तसे नाही, तर निश्चित असलेल्या ठिकाणांवरचाही त्यांचा विश्वास उडतो.

पहिल्या पायरीवरची जागा म्हणजे मंदिराच्या दक्षिणेकडील पायऱ्या. १९६७ नंतरच्या उत्खननात त्या मोकळ्या झाल्या. मंदिरात जाणारे यात्रेकरू याच वाटेने चढत, आणि येशू व त्याचे शिष्य इथून गेले असतील असे म्हणायला पूर्ण आधार आहे. पायऱ्या एक अरुंद, एक रुंद अशा आहेत, त्यामुळे घाईने चढता येत नाही. मी तिथे गटाला बसवतो आणि स्तोत्रसंहितेतील १२० ते १३४ या आरोहणस्तोत्रांपैकी दोन-तीन आळीपाळीने वाचायला लावतो. जवळच, पश्चिम भिंतीच्या पायथ्याशी, इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने वरून ढकललेले प्रचंड दगड त्या काळच्या रस्त्यावर जसे पडले तसेच आहेत, आणि त्यांच्या भाराने फरसबंदी खचलेली दिसते. ‘चिऱ्यावर चिरा राहणार नाही’ हे वचन दुसरीकडे कुठेही वाचू नका, इथे वाचा. आश्चर्य असे की हे पुरातत्त्व उद्यान बहुतेक कार्यक्रमांत नसते, आणि आपल्या बत्तिसांतही नाही.

बेथेस्दाचे तळे आणि शिलोहाचे तळेही याच पायरीवर आहेत. शिलोहाच्या खऱ्या तळ्याच्या पायऱ्या २००४ साली सांडपाण्याच्या वाहिनीचे काम चालू असताना उघड झाल्या. हिज्कीया राजाने या तळ्यात पाणी आणण्यासाठी खोदवलेला बोगदा ५३३ मीटर लांब आहे. त्यात गुडघाभर, काही ठिकाणी मांडीपर्यंत पाणी असते आणि कित्येक जागी खांदे भिंतींना लागतात. गुडघेदुखी किंवा बंद जागेची भीती असलेल्यांना त्यात नेऊ नका. त्यांच्यासाठी कोरड्या बोगद्याचा मार्ग आहे. बेथेस्दाला लागून असलेल्या बाराव्या शतकातील संत अन्नेच्या चर्चमध्ये आवाज इतका घुमतो की साधे चारोळीचे गीतही भरून येते. तिथे आपल्या भाषेतले एक गीत नक्की गा, पण ते संथ असू द्या, जलद चालीचे शब्द एकमेकांवर चढतात.

गेथशेमाने दुसऱ्या पायरीवर येते. जैतुनांच्या डोंगराच्या पायथ्याशीच ती बाग होती हे निश्चित, पण नेमका तुकडा परंपरेने ठरलेला आहे. तिथल्या आठ पुराणवृक्षांविषयी ‘ही झाडे येशूने पाहिली’ असे सांगितले जाते. त्यांतल्या तीन झाडांच्या खोडांची कार्बन पद्धतीने तपासणी झाली तेव्हा ती बाराव्या शतकातली निघाली. जैतून मुळापासून पुन्हा फुटतो, त्यामुळे मुळे अधिक जुनी असू शकतील, पण त्यापलीकडे दावा करू नये. याच डोंगरावर प्रभूच्या प्रार्थनेच्या चर्चमध्ये शंभराहून अधिक भाषांत ती प्रार्थना फरशांवर लिहिलेली आहे. भारतीय भाषाही त्यांत आहेत, म्हणून तिथे थोडा अधिक वेळ लागेल हे गृहीत धरा.

वधस्तंभाच्या आणि कबरेच्या जागेविषयी आपल्या मंडळीत प्रश्न निघणारच. पवित्र कबरेचे चर्च आज तटाच्या आत आहे, आणि येशूला तर नगराबाहेर वधस्तंभावर दिले होते, हा आक्षेप पहिल्याच दिवशी कोणीतरी घेतो. उत्तर असे की त्या काळी ही जागा तटाबाहेरच होती, तट काही वर्षांनी उत्तरेकडे वाढवला गेला. चर्चच्या आतच पहिल्या शतकातल्या पद्धतीच्या खडकात खोदलेल्या कबरी आजही पाहायला मिळतात, म्हणजे ही दफनभूमी होती. रोमी सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातील चर्चचे समर्पण ३३५ साली झाले. १००९ साली ते पाडले गेले, आणि आजची वास्तू मुख्यतः बाराव्या शतकातली आहे. उद्यानकबर ही दुसरी जागा एकोणिसाव्या शतकात पुढे आली, आणि ती कबर पुरातत्त्वाच्या दृष्टीने येशूच्या कितीतरी शतके आधीची ठरली आहे. म्हणून माझे मत पहिल्या जागेच्या बाजूने आहे. तरीही प्रोटेस्टंट गटाला मी दोन्हीकडे नेतो, कारण पवित्र कबरेत सहा संप्रदायांच्या उपासना, धूप आणि गर्दी यांत त्यांना प्रार्थना साधत नाही, आणि उद्यानकबरेच्या बागेत प्रभुभोजनासाठी शांत जागा मिळते. तिथे वेळ आधी राखून ठेवावी लागते आणि रविवारी ती भेटीसाठी बंद असते. एका यात्रेत हे न तपासल्यामुळे माझ्या गटाला बंद दारावरून परतावे लागले होते. कॅथलिक गटाने पवित्र स्थळी मिस्सा हवी असल्यास फ्रान्सिस्कन यात्रेकरू कार्यालयाकडे कित्येक महिने आधी नोंदणी करावी. पवित्र कबरेत पहाटे जा. दहानंतर कबरेच्या आत जाण्याची रांग तासाहून अधिक लांबते.

बेथलेहेम यरुशलेमापासून जेमतेम दहा किलोमीटरांवर असले तरी ते पॅलेस्टिनी प्रशासनाखाली आहे. इस्राएली नागरिकांना तिथे जायला मनाई असल्याने अनेकदा आपला मार्गदर्शक बदलतो आणि तिथला स्थानिक मार्गदर्शक गट हाती घेतो. परतताना तपासणीनाक्यावर पासपोर्ट लागतो. जन्मस्थानाच्या चर्चचे दार सुमारे सव्वा मीटर उंच आहे, म्हणून प्रत्येकाला वाकून आत जावे लागते. गुहेत उतरण्याच्या पायऱ्या झिजलेल्या व निसरड्या आहेत. खरेदी करायची असेल तर ती इथे करा. जैतुनाच्या लाकडावरचे कोरीवकाम हा इथल्या ख्रिस्ती कुटुंबांचा पिढीजात व्यवसाय आहे, आणि यात्रेकरू आले नाहीत की त्यांची चूल थंडावते. त्याहूनही माझी आग्रहाची विनंती अशी की एका रविवारी इथल्या किंवा नासरेथच्या अरबी भाषिक मंडळीच्या उपासनेला बसा. पेत्राच्या पत्रात ज्यांना जिवंत धोंडे म्हटले आहे ते लोक त्या बाकांवर बसलेले असतात. पवित्र भूमीला जाऊन केवळ मेलेले दगड पाहून परतणे मला सोसत नाही. प्रभूची प्रार्थना ते त्यांच्या भाषेत म्हणतात, आपण आपल्या भाषेत म्हणावी, दोन्ही एकाच वेळी संपतात.

वार पाहून दिवस आखावेत. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत शब्बाथ असतो, त्या काळात यहुदी भागातील दुकाने आणि वाहतूक बंद राहतात आणि पश्चिम भिंतीजवळ छायाचित्रे काढता येत नाहीत. मंदिराच्या डोंगराचे पटांगण शुक्रवारी व शनिवारी परक्यांना बंद असते. इतर दिवशीही वेळ थोडी असते, तिथे मुस्लिमेतरांनी प्रार्थना करायची नाही आणि पवित्र शास्त्र बरोबर न्यायचे नाही. त्या सकाळी सर्वांनी आपली शास्त्रे हॉटेलातच ठेवावीत. विमानतळावर पासपोर्टावर शिक्का मारत नाहीत, त्याऐवजी एक छोटी निळी चिठ्ठी देतात. ती हरवू नये म्हणून पासपोर्टातच ठेवावी. परतीच्या वेळी सुरक्षा अधिकारी प्रत्येकाला वेगळे प्रश्न विचारतात. त्यात घाबरण्यासारखे काही नसते, पण वयस्करांना आधी सांगून ठेवले नाही तर ते गोंधळतात.

वयस्करांविषयी स्पष्टच लिहितो. जुन्या यरुशलेमाचे क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटरहूनही कमी आहे, पण त्यात बस जात नाही, आणि दगडी पायऱ्या शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झाल्या आहेत. निघण्यापूर्वी तीन महिने रोज चालण्याचा सराव आणि त्यात जिन्याचा समावेश असावा, आणि पायात जुनी, सवयीची, तळ घट्ट पकडणारी पादत्राणे असावीत. उन्हाळ्यात यरीहोच्या भागात पारा चाळीसच्या पुढे जातो, म्हणून मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर निवडा. पुनरुत्थानाच्या सणाच्या आठवड्यात मात्र यरुशलेमात पाऊल ठेवायला जागा नसते. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे स्त्री-पुरुष दोघांनाही हवेत. प्रत्येकाच्या कानात लावायचा ध्वनिसंच कंपनीकडून मागून घ्या. त्यामुळे मागे राहिलेल्या माणसालाही निवेदन ऐकू येते आणि पुढे पोहोचण्यासाठी कोणी धावत नाही.

सुरक्षेची परिस्थिती त्या भूमीत अल्पावधीत पालटते. पैसे भरण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा, पुन्हा निघण्याच्या महिन्यात वाचा, आणि यात्रा रद्द झाल्यास किती रक्कम, किती दिवसांत परत मिळेल हे करारात लिहून घ्या. बऱ्याच विमापत्रांत युद्धजन्य कारणे वगळलेली असतात, तो परिच्छेद स्वतः वाचा. मार्गदर्शक आणि चालक यांची बक्षिसी सुरुवातीच्याच रकमेत धरावी, रोज बसमध्ये पैसे गोळा करणे टाळावे.

तयारीसाठी तीन महिने दर आठवड्याला एक संध्याकाळ पुरते. मार्काचे शुभवर्तमान पूर्ण वाचा, भिंतीवर एक मोठा नकाशा लावा आणि प्रत्येक घटना त्यावर दाखवा. कफर्णहूम ते मग्दाला हे अंतर एका सकाळी चालून जाण्याजोगे आहे, हे लोकांना इथे बसूनच समजले तर तिथे गेल्यावर त्यांची नजर तयार असते. प्रत्येक स्थळासाठी एक वाचक नेमा आणि तो भाग त्याला घरी मोठ्याने वाचायला सांगा.

शेवटची सूचना कंपनीशी बोलण्याविषयी आहे. इस्राएलमध्ये गटाबरोबर तेथील शासनाचा परवाना असलेला मार्गदर्शक असावा लागतो. अनामत रक्कम देण्यापूर्वी त्याचे नाव मागा, त्याच्याशी स्वतः फोनवर बोला, आणि कोणत्या ठिकाणी कोणता अध्याय वाचणार व किती वेळ बसणार याची यादी त्याला आधीच पाठवा. चांगला मार्गदर्शक ती यादी पाहून आनंदित होतो आणि कोणत्या वेळी कुठे गर्दी नसते, कुठल्या झाडाखाली बेचाळीस माणसे सावलीत बसू शकतात, हे आपण न विचारता सांगू लागतो. जो यादी वाचून वेळ नाही असे म्हणेल, त्याच्याऐवजी दुसरा मागून घ्या.